रविवारी ती फांदी तोडू नका

शुक्रवार

बी-४०२ (पहाटे ४:४८): कोणी जागं आहे का? तो पक्षी साडेचारपासून बोंबलतोय. माझी शिफ्ट तीनला संपते. सोसायटी याचं काही करणार आहे का?

ए-२०१ आजोबा (५:३५): सुप्रभात. तो कोकीळ आहे. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. कुहू-कुहू तोच करतो, नाव मात्र कोकिळेचं होतं. ती बिचारी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, नुसतं किक्-किक् करते. पाऊस सुरू होईपर्यंत हे चालायचं.

बी-४०२: आजोबा, अजून मार्च चालू आहे.

ए-५०२: रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारायला बोलावलं तेव्हा आला नाहीत. अशी झोप लागली असती की कोकीळ काय, ढोलही ऐकू आला नसता 😄

डी-३०३ ताई: नोटीस आत्ता पाहिली. रविवारी नऊ वाजता छाटणीवाला येतोय आणि गेटजवळच्या गुलमोहराची वाळकी फांदी तोडणार आहे. कृपा करून ती तोडू नका. तिच्यात तांबट पक्ष्याचं घरटं आहे. फोटो टाकलाय, फांदीच्या खालच्या बाजूला लिंबाएवढं गोल भोक आहे बघा.

सी-१०४: त्या फांदीखाली माझी गाडी असते. पडली तर जबाबदार कोण? लेखी द्या.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. हा निर्णय मागच्या मीटिंगमध्ये सर्वानुमते झाला आहे. हरकत असलेल्यांनी मीटिंगला यायचं असतं.

डी-३०३ ताई: मी आले होते सर. तेव्हा घरटं नव्हतं.

बी-१०१ वहिनी: ताई, तो सुतारपक्षी असेल. दिवसभर ठोकत असतो. त्यानेच पोखरून ती फांदी वाळवली.

ए-२०१ आजोबा: नाही वहिनी, उलट आहे. फांदी आधी वाळली, मग तांबट आला. त्याची चोच आखूड आणि जाड, सुतारासारखं जिवंत लाकूड फोडायची ताकद तिच्यात नाही. म्हणून तो मेलेली, कुजत आलेली फांदीच शोधतो आणि खालून कोरतो, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. भर दुपारी टुक-टुक-टुक ऐकू येतं ना, तांब्याचं भांडं घडवल्यासारखं? तो हाच. आपण वाळकी फांदी दिसली की साफ करतो, मग याने जायचं कुठे?

सी-१०४: फांदी पडली तर जबाबदार कोण? याचं उत्तर आलं नाही.

ए-५०२: पक्षी बघायचे तर निफाडजवळ नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे की. इथे माणसं राहतात.

ए-२०१ आजोबा: तिथले हिवाळी पाहुणे आता परतीला लागले. आणि ती जागा पाणपक्ष्यांची. २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली, आपल्याच नाशिक जिल्ह्यातली. अभिमान आहेच. पण तांबट निफाडला जाऊन काय करेल? त्याला उंबर लागतो, वड लागतो आणि ही एक फांदी.

ए-३०५: आज गंगापूर धरणाकडे चालायला गेलो होतो. सावरीच्या झाडावर भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, हा मोठा थवा! चोची परागाने पिवळ्या. व्हिडिओ टाकतो.

ए-२०१ आजोबा: वा! बघून घ्या. एप्रिल संपेपर्यंत त्याही जातील, पार मध्य आशियात.

बी-१०१ वहिनी: आजोबा, आमच्या ग्रिलवर काल ससाणा बसला होता. बाळाला बाल्कनीत ठेवायची भीती वाटते. फोटो बघा.

ए-२०१ आजोबा: घाबरू नका, हा पावशा. शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो खरा, शेपटीवर पट्टेही तसेच. पण चोच बघा, आकडी नाही. पायही नाजूक. सुरवंट खातो. शेतकऱ्यांना ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सांगणारा तो हाच. स्वतः घरटं करत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकतो.

सी-१०४: पक्ष्यांवर एवढं प्रेम आहे तर आधी गच्चीवर ज्वारी टाकणं बंद करा. कबुतरांनी डक्ट भरलाय.

बी-१०१ वहिनी: माझी ज्वारी चिमण्यांसाठी असते. आणि काही बोलायचं तर नाव घेऊन बोलावं.

सी-१०४: बी-१०१.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका नको. कबुतरांचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये.

डी-३०३ ताई: सर, छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेतली असेल तर कागद ग्रुपवर टाका. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी, घरटं यांना धक्का लावणं शिकारीतच धरलं आहे. मला भांडायचं नाही. पण मागच्या वर्षी जांभूळ असंच गेलं, आपण सगळे गावाला असताना.

सेक्रेटरी: जांभळाचा विषय आता कशाला?

डी-३०३ ताई: कारण ते परत येणार नाही.

सी-१०४: तिसऱ्यांदा विचारतोय. मागच्या जूनच्या वादळात याच झाडाची फांदी पडून माझी काच फुटली. साडेआठ हजार गेले. सोसायटीने एक रुपया दिला नाही, कोणी विचारलंही नाही. तेव्हा हे प्रेम कुठे होतं?

डी-३०३ ताई: दादा, हे तुमचं बरोबर आहे. तेव्हा मी विचारायला हवं होतं. आमची पार्किंगची जागा तुम्ही घ्या, जूनपर्यंत. मी माझी गाडी गेटबाहेर लावीन.

शनिवार

डी-३०३ ताई (सकाळी ७:२०): मी मुलगा लिहितोय आईच्या फोनवरून. मी एक तास बघितलं. दोघंही सारखेच दिसतात. कपाळ लाल, गळा पिवळा. आज एक जण चोचीत उंबर घेऊन आत गेला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. तीन वेळा.

ए-२०१ आजोबा: शाब्बास बाळा! मग आत बहुतेक पिल्लं आहेत. नुसती अंडी असती तर खाऊ आत नेला नसता.

बी-१०१ वहिनी: अगं बाई. मग नका ना तोडू.

बी-४०२: माझं मत कोणी विचारलं नाही, पण फांदी राहू द्या. हा दिवसा तरी ओरडतो.

ए-३०५: वरच्या जाड फांदीला दोर टाकून ती बांधून घेऊ. माझ्याकडे ट्रेकिंगचा दोर आहे. खाली दोन कुंड्या ठेवू, म्हणजे कोणी गाडी लावणार नाही.

सेक्रेटरी: ठीक आहे. उद्या फक्त नारळाच्या झावळ्या काढू. पिल्लं उडाली की फांदीचं बघू. बाकी ठराव कायम.

ए-२०१ आजोबा: उडाल्यावरही थोडा बुंधा राहू द्या सर. ते रात्री झोपायलाही अशीच ढोली वापरतात.

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये बोलू.

रविवार

डी-३०३ ताई (सकाळी ८:४०): छाटणीवाला आलाय आणि गुलमोहराकडेच शिडी लावतोय. कोणीतरी खाली या!

ए-३०५: आलो.

बी-४०२: मी खालीच आहे. झोप लागलीच नाही. सांगितलं त्याला, शिडी हलवली.

सी-१०४ (८:५२): गाडी काढली. डी-३०३ च्या जागेत लावली आहे. लेखी मात्र हवंय.