कंट्रोल-सी दोन-तीनदा दाबलं की साफसफाई अर्धवट राहते

प्रश्न:
बॅश (कमांड चालवणारा शेल) स्क्रिप्ट टेम्प म्हणजे तात्पुरतं फोल्डर बनवते आणि त्यात मोठ्या फाइलींचं टार (सगळ्या फाइलींची एकच फाइल) करते. ट्रॅप (सिग्नल आला की काय करायचं ते सांगणारी कमांड) लावून सिगइंटवर, म्हणजे कंट्रोल-सीच्या सिग्नलवर, साफसफाईचं फंक्शन बसवलंय. कंट्रोल-सी एकदा दाबलं तर सगळं नीट पुसलं जातं. पण टीममधल्यांना धीर नाही. प्रॉम्प्ट लगेच आला नाही की धडाधड दाबत सुटतात. मग अर्धं फोल्डर तसंच उरतं आणि डिस्क भरत जाते. किती वेळा दाबलं ते मोजून तिसऱ्यांदा बाहेर पडावं का?

उत्तर १:
मोजणीच्या फंदात पडू नका. फोरग्राउंडमधली, म्हणजे टर्मिनलवर समोर चालू असलेली, कमांड संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवतच नाही. म्हणजे फंक्शनमधली आरएम (फाइली पुसणारी कमांड) आटोपल्यावरच तुमचा आकडा वाढणार, उपयोग काय?

खरं दुखणं वेगळं आहे. कंट्रोल-सीचा सिग्नल टर्मिनलकडून फोरग्राउंडच्या पूर्ण प्रोसेस ग्रुपला, म्हणजे स्क्रिप्ट आणि तिनं चालवलेल्या कमांड या सगळ्यांना, जातो. पहिल्या दाबण्यात टार मरते आणि मग तुमचं फंक्शन सुरू होतं. ट्रॅप मात्र शेलपुरताच. फंक्शनमधून चालवलेल्या आरएमसाठी सिगइंट पुन्हा डीफॉल्टवर असतो. दुसऱ्या दाबण्यात तीच मरते.

म्हणून फंक्शनची पहिलीच ओळ: ट्रॅप, रिकामी अवतरणचिन्हं, इंट. याचा अर्थ 'दुर्लक्ष कर', आणि हे दुर्लक्ष चाइल्ड प्रोसेसकडेही (शेलनं सुरू केलेल्या आरएमसारख्या कमांडकडे) वारशानं जातं. अवतरणांच्या जागी डॅश दिलात तर सिग्नल डीफॉल्टवर जातो, म्हणजे नेमकं उलट. दुसऱ्या ओळीत 'साफसफाई चालू आहे, थांबा' असं एकोनं एसटीडीएररवर (एरर-संदेशांच्या आउटपुटवर) छापा. माणसाला काहीतरी चाललंय हे दिसलं की तो दाबायचा थांबतो. माझ्या मते ही ओळ ट्रॅपइतकीच गरजेची आहे.

प्रश्नकर्ता:
चाललं! शेवटी एक्झिट १३० (स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा) ठेवलंय. पण पुसतानाच अडकलं तर बाहेर कसं पडायचं?

उत्तर १:
कंट्रोल आणि बॅकस्लॅश. तो सिगक्विट नावाचा वेगळा सिग्नल, त्याला ट्रॅप लावू नका. ती वाट मोकळी हवी.

उत्तर २:
१३० बद्दल एक सांगतो. १२८ अधिक सिगइंटचा २, हे बरोबर. पण ही स्क्रिप्ट दुसऱ्या बॅश स्क्रिप्टच्या लूपमधून चालत असेल तर नुसत्या एक्झिटनं तो लूप थांबत नाही. वरच्या बॅशला चाइल्ड सिग्नलनंच मेली हे दिसावं लागतं. म्हणून साफसफाईनंतर ट्रॅप डॅश इंट, आणि लगेच किल वजा इंट, पुढे डॉलर डॉलर (स्क्रिप्टचा स्वतःचा प्रोसेस नंबर).