गरम झाल्यावर टू-स्ट्रोक सुरूच होत नाही, कंडेन्सर की कॉइल?

मंडळी, मदत हवी आहे. जुनी १०० सीसी टू-स्ट्रोक गाडी, प्लगची ठिणगी जुन्या पद्धतीच्या, उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटवर चालते, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) नाही. सकाळी चाळीसगावात एका किकमध्ये सुरू. कन्नड घाट चढून वर चहाला पाच मिनिटं थांबलो की संपलं, वीस किका मारून घाम निघतो. अर्धा तास सावलीत ठेवली की जणू काही झालंच नाही. उतारावर सोडून दुसऱ्या गिअरला टाकली तर कधीकधी सुरू होते.

नवे दोन प्लग झाले. कार्ब्युरेटर साफ, फ्लोट लेव्हल बघितली, थांबायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून पाहिला, टाकीचं झाकण उघडंही ठेवलं. सायलेन्सरमधला कार्बन काढला. ऑइल पेट्रोलच्या लिटरला २५ मिली, पॉइंट गॅप ०.३५ मिमी.

परवा रस्त्यातच प्लग काढला. ओला होता. पुसून हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी बारीक, पिवळट. थंड गाडीवर तीच निळी, टच्च आवाज करणारी. म्हणून पेट्रोलवरचा संशय मी सोडलाय.

मेस्त्री म्हणतो क्रँकचं ऑइल सील गेलंय, हाफ इंजिन करू. सील गेलं तर ठिणगी कशी पिवळी पडेल, हे काही पटत नाही. इंजिन खोलायचं बजेटही सध्या नाही. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) जळगावहून आणता येईल, मॅग्नेटची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) मात्र रिवाइंडच करावी लागेल.

माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. कॉइलचा ओहम थंड आणि गरम असा मोजला तर किती फरक पडला की ती गेली समजायची? की आधी सरळ कंडेन्सरच बदलून बघू?