जुना बेस (जाड आवाजाची गिटार) विकत घेताय? नेक (गिटारची मान) उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका (तुमचं मत काय?)

फोंडेकर_बेस:
हल्ली गोव्यात ग्रुपवर "सिक्स्टीजचा ओरिजिनल जॅझ बेस" (हे अमेरिकेच्या फेंडर कंपनीचं मॉडेल) विकायचाय असे मेसेज फिरतायत. फोटोत काय, तर गंजलेला ब्रिज, काळे पडलेले स्क्रू, हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर) फेंडरचा लोगो आणि मागे, नेक बॉडीला जोडतात तिथे, मोठा एफ असलेली नेकप्लेट, आणि खाली लगेच "वा काय पॅटिना!", म्हणजे जुनेपणाची झाक. अहो आपल्याकडे गंज हा पुरावा कसला? कळंगुटला समुद्राच्या तोंडावरच्या घरात ठेवलेली नवीकोरी गिटार थोडेच पावसाळे खाल्ले की आजोबांच्या काळातली दिसते. नेकप्लेट चार स्क्रूवर बसते, कुठलीही काढून कुठेही लावता येते, शिवाय एफवाली प्लेट १९६५ पासून १९७६ पर्यंत चालली, तिच्यावरून साल काय डोंबल कळणार.

बघायचं ते आत. नेक काढला की टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) शाईचा शिक्का असतो, समजा "७ मार्च ६६ ए". यातला ७ म्हणजे तारीख नव्हे, तो जॅझ बेसच्या नेकचा कोड. शेवटचा ए म्हणजे नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी, दीड इंच. विकणारा "सात मार्चला बनलाय बघा" असं छातीठोक सांगायला लागला की त्याला किती कळतं ते कळलं. मग पॉट्स, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे पार्ट. पाठीवर आकडे असतात, १३७६६०८ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ साल, आठवा आठवडा. सुरुवातीला ३०४ असेल तर स्टॅकपोल कंपनी. पण इथेही एक गोम आहे, फेंडरने १९६६ मध्ये पॉट्सचा एवढा साठा भरून ठेवला की तेच पुढे काही वर्षं लागत राहिले, म्हणजे पॉट फक्त "बेस या सालाच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो. माझं मत सरळ आहे, उघडू देत नसेल तर नमस्कार करून घरी यायचं.

मडगावकार:
फोंडेकर बाब, तुमचं दुकानात ठीक आहे. राय-लोटलीच्या एखाद्या जुन्या घरात म्हातारी आजी चहा घेऊन समोर बसलीय, भिंतीवर नवऱ्याचा बँडबरोबरचा फोटो, आणि तुम्ही खिशातून स्क्रूड्रायव्हर काढणार? आणि ते स्क्रू एवढी वर्षं दमट हवेत आहेत, डोकं घासून निघालं किंवा आत तुटला तर लाकूड गेलं. कंट्रोल प्लेट (बटणं बसवलेली पट्टी) उचलताना जुनी वायर ओढली गेली की फॅक्टरीचं सोल्डर पण गेलं, आणि ते हात न लागलेलं सोल्डर हाच तर सगळ्यात मोठा पुरावा ना? म्हणजे पुरावा बघायला जाऊन पुरावाच मोडायचा. माझ्या मते घराणं बघा, माणूस कुठे वाजवायचा ते विचारा. इथली कितीतरी माणसं मुंबईला फिल्मच्या ऑर्केस्ट्रात आणि बोटीवरच्या बँडात होती, त्यांच्याकडे खरा माल असणारच.

डिचोलीकर७२:
फोटोवरून एवढंच कळतं की आजोबांकडे *एक* बेस होता, *हाच* होता हे कशावरून? फोटोत खरचटलेल्या खुणा स्पष्ट दिसत असतील आणि त्या आजच्या बेसवर त्याच जागी असतील तर मी ऐकेन. बाकी "पणजोबांनी बोटीवरून आणला" ही गोष्ट प्रत्येक गिटारबरोबर फुकट मिळते. आणि वाजवून पोट भरणारा माणूस मोडलं की हाताला लागेल ते बसवायचा, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा पार्ट) गेला तर दुसरा, ट्यूनर गेला तर जपानी. आजोबा खरे, बेसही खरा, तरी अर्धे पार्ट बदललेले असू शकतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण मग भाव "ऑल ओरिजिनल"चा मागू नका.

म्हापशाची_तारा:
तुम्ही सगळे विकायलाच घेताय का? वाजवायला कोणी घेतं की नाही 😄 मला तर रिफिनिश केलेली (पुन्हा रंगवलेली), फ्रेट बदललेली गिटार मिळाली तर आनंदच, कलेक्टर लोक रिफिनिश म्हटलं की तोंड फिरवतात आणि किंमत अर्ध्यावर येते, आवाज थोडाच अर्धा होतो. सत्तरच्या दशकातल्या जपानी कॉपी तर इथे लोक हसण्यावारी नेतात. त्यातल्या काही खरंच भिकार, पिकअपच्या खाचेत टॉर्च मारला की प्लायवूडचे थर दिसतात, पण काही एवढ्या नीट बनवल्यात की त्याच सुमाराच्या अमेरिकन बेसपेक्षा मी त्याच घेईन. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने फेंडर घेतल्यावर पुढे सत्तरच्या दशकात नेक पॉकेटमध्ये (बॉडीत नेक बसते त्या खाचेत) केवढ्या फटी सोडायचे बघा जरा, तरी व्हिंटेज म्हणून लाखांत मागतात.

फोंडेकर_बेस:
ताराताई, वाजवायला घेताय तर खुशाल घ्या, फक्त वाजवायच्या बेसचे पैसे द्या, माझं भांडण किंमतीशी आहे. मडगावकार, आजीसमोर स्क्रूड्रायव्हर नको म्हणता ना, ठीक, आधी यूव्ही (अतिनील) टॉर्च न्या. खोलीत अंधार करून मारला की जुनी नायट्रो लॅकर (त्या काळचं पातळ वॉर्निश) हिरवट पिवळी चमकते आणि नंतर मारलेला रंग तिथे काळपट जांभळा डाग दिसतो. १९६८ च्या सुमारास फेंडर जाड पॉलिएस्टर फिनिशकडे वळलं, त्यानंतरच्या बॉडीला ही परीक्षा तशी लागू नाही. पण ६६ म्हणून विकतोय आणि अख्खी बॉडी काळी जांभळी दिसतेय, तर नेक उघडायची गरजच नाही, चहा पिऊन निघा. टॉर्चमध्ये पास झाला तरच नेक. तारा आधी सैल करायच्या, आणि गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवायचं, तापून पकड सुटते.

मडगावकार:
टॉर्च मान्य. आयर्न पण मान्य, पण ते घेऊन जाणारा हात तुमचा नको, रिपेअरवाल्याचा पाहिजे. आणि एवढं करून स्क्रू तुटलाच तर भरून कोण देणार, घेणारा की विकणारा? हे आधी ठरवा, मग मी पण आजीला विचारतो.

डिचोलीकर७२:
घेणारा. आणि तसं कागदावर लिहून.

फोंडेकर_बेस:
का म्हणून? "ओरिजिनल" असं विकणाऱ्याने लिहिलंय, सिद्ध करायचा खर्च त्याचा.