मदत हवी आहे: फवारणी पंपासाठी लिथियम पॅक बांधतोय, सेल सुरक्षित कसे जोडावेत?

काळी_माती:
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमची टोमॅटो-कांद्याची शेती आहे. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपात १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तास) शिशाची बॅटरी आहे. हंगाम संपला की पंप पडवीत पडून राहतो, बॅटरी आपोआप उतरत जाते आणि पुढच्या वर्षी चार्जच धरत नाही. वजनही अडीच किलोच्या घरात. भरलेली टाकी आणि वर हे ओझं, संध्याकाळी वडिलांचे खांदे भरून येतात. म्हणून लिथियमचा पॅक घरीच बांधायचं ठरवलंय.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, ३२७०० साइझ, ३.२ व्होल्ट ६ एएच, एकूण ८. दोन-दोन समांतर आणि अशा चार जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे १२.८ व्होल्ट १२ एएच. आठही सेलचं वजन मिळून सव्वा किलोच्या आत बसतं. लॅपटॉपमधल्या जातीचे सेल मुद्दाम टाळले: तीन लावले तर व्होल्टेज कमी पडतं, चार लावले तर फुल चार्जला १६.८ व्होल्ट होतात. शिवाय फॉस्फेटचा सेल त्यांच्यापेक्षा जास्त ताप सोसतो. पंपाची मोटर फवारा चालू असताना साधारण साडेतीन अँपिअर घेते, मोजून पाहिलंय. फॉस्फेटसाठीचा ४एस (सिरीजमधल्या चार जोड्यांसाठीचा) २० अँपिअरचा बीएमएस (जास्त चार्ज, जास्त उतार किंवा शॉर्ट झाला की पॅक तोडणारा संरक्षक बोर्ड), प्लास्टिकचे होल्डर आणि निकेल पट्टी आणून ठेवली आहे.

अडलंय ते जोडणीपाशी. माझ्याकडे ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न आहे आणि हात बसलेला आहे. गावात काहीजण सेलवर थेट डाग देतात, ते चालतं का? सेल मोजले तर ३.२७ ते ३.३१ व्होल्ट भरतात, एवढ्या फरकाने समांतर जोडले तर चालेल का? पट्टीला चुंबक चिकटतो, म्हणजे ती लोखंडाची निघाली का? आणि बीएमएसच्या बारीक वायरी कुठल्या क्रमाने लावायच्या?

पॅक वडिलांच्या कमरेला लागून असणार आहे. त्यामुळे 'चालून जाईल' यापेक्षा योग्य काय आणि का, ते सांगा.

सर्किटवाला:
सेलवर थेट डाग देऊ नका. सोल्डर नीट धरायला धातू अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. सेलच्या आत धन आणि ऋण थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो साधारण १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. ३२७०० सेल अंगाने मोठा, सगळी उष्णता ओढून घेतो, त्यामुळे आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं. धन टोकाखाली सील आणि वाफ सोडणारी झडप असते, तिलाही झळ बसते. असा सेल त्या दिवशी चांगला दिसतो, नंतर क्षमता घटते किंवा आतल्या आत गळती सुरू होते. स्पॉट वेल्डिंगमध्ये काही मिलिसेकंदांचा झटका असतो, उष्णता टिकलीएवढ्या जागेतच राहते.

स्पॉट वेल्डर नसेल तर दोन वाटा आहेत. कारखान्यातूनच पट्टी वेल्ड केलेले सेल मिळतात, त्या पट्टीच्या लांबच्या टोकावर बिनधास्त डाग द्या. नाहीतर स्क्रूवाले ३२७०० घ्या, मात्र त्यांना स्प्रिंग वॉशर हवाच. पंप हादरतो आणि सैल नट तापतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे व्हिडिओत कुणी थांबून दाखवत नाही. या सेलचं अख्खं डबडं ऋण असतं. तळही ऋण आणि धन टोपीभोवतीची वळलेली कडसुद्धा ऋण. टोपी आणि कड यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट, वर फक्त रंगीत स्लीव्ह. धन टोपीवरून जाणारी पट्टी त्या कडेवरूनच जाते. हादऱ्याने स्लीव्ह कातरली की थेट शॉर्ट. सेलचा अंतर्गत रोध १० मिलिओहम धरला तरी ३३० अँपिअर वाहतील, आणि हा शॉर्ट बीएमएसच्या अलीकडे असल्याने बीएमएस काहीही करू शकत नाही. म्हणून प्रत्येक धन टोकावर चिकट इन्सुलेशन कागदाची गोल चकती लावा. होल्डर लावले तरी चकती लावाच.

निफाडकर:
चुंबकावर जाऊ नका, शुद्ध निकेललाही चुंबक चिकटतो. पट्टीचा तुकडा ग्राइंडरला लावा: भरपूर ठिणग्या उडाल्या तर आत लोखंड. किंवा कड घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज आला तर मुलामा दिलेली पट्टी. लोखंडाचा रोध निकेलच्या साधारण दुप्पट, आणि औषधाच्या दमटपणात ती गंजतेही. तुमच्या करंटला ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद शुद्ध निकेल पुरेल.

काळी_माती:
सर्किटवाला दादा, कडेची गोष्ट खरंच माहीत नव्हती. तालुक्याला ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारं दुकान आहे, तिथे स्पॉट वेल्डिंग करून घेईन. पण वेल्ड पक्का झाला हे कसं ओळखायचं? आणि व्होल्टेजच्या फरकाचं काय?

वर्कशॉप_ताई:
आमच्या दुकानात हेच काम चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वेल्डची परीक्षा आधी बाद सेलवर करून घ्या. पट्टी पक्कडीने सोलून ओढा. ती ठिपक्यांभोवती फाटली आणि निकेलचे बारीक कण सेलवर राहिले तर वेल्ड खरा. स्वच्छ निघून आली तर दुकानदाराला झटका वाढवायला सांगा.

३.२७ आणि ३.३१ हा फरक दिसायला किरकोळ, पण फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं. तेवढ्या फरकात एक सेल निम्मा आणि दुसरा बराच भरलेला असू शकतो. समांतर जोडताना अशाने स्फोट होणार नाही, ०.०४ व्होल्टला दोन-अडीच अँपिअर वाहतील. खरी अडचण सिरीजमध्ये: भरलेली जोडी आधी ३.६५ ला पोचते, बीएमएस चार्जिंग तोडतो आणि बाकीच्या जोड्या उपाशी राहतात. स्वस्त बीएमएसचा बॅलन्स करंट (जोड्या एकसारख्या करण्यासाठी तो वळवतो तो करंट) ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो, १ एएचचा फरक मिटायला २० तास लागतील. म्हणून जोडणीआधी प्रत्येक सेल वेगळा ३.६५ व्होल्टपर्यंत फुल करा. त्यासाठी टीपी ४०५६ चं छोटं चार्जिंग मॉड्यूल वापरू नका, ते ४.२ व्होल्टपर्यंत नेतं. फुल झालेले सेल काही दिवस नुसते ठेवून पुन्हा मोजा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त उतरला तर तो पॅकमध्ये घेऊ नका.

होल्डरमध्ये बसवताना जोडीतले दोन्ही सेल एकाच दिशेला, शेजारची जोडी उलटी. जोडीत एक सेल उलटा बसला तर पट्टी टेकताक्षणी शॉर्ट, म्हणून वेल्डिंगआधी प्रत्येक सेल मल्टिमीटरने तपासा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पक्कडीच्या दांड्याला टेप गुंडाळा.

बीएमएस: आधी जाड बी-मायनस (पॅकच्या मायनसला जाणारी वायर). मग बारीक वायरी पॅकला जोडा, पण प्लग बोर्डात घालू नका. मल्टिमीटरची काळी तार पॅकच्या मायनसला धरून पिना ओळीने मोजा: साधारण ३.३, ६.६, ९.९, १३.२. आकडे या क्रमाने चढले तरच प्लग लावा. एक वायर मागेपुढे झाली की बोर्ड जागीच जळतो. मोटर आणि चार्जर दोन्हींचं मायनस पी-मायनसवरच (बोर्डाच्या बाहेरच्या बाजूचं मायनस) घ्या, कॉमन पोर्टचा, म्हणजे चार्जर आणि मोटरला एकच टोक असलेला बोर्ड आहे असं धरून. कुणी थेट बी-मायनसवर घेतलं तर बीएमएस वाटेतून बाजूलाच पडतो.

काळी_माती:
ताई, मनापासून आभार. पिना मोजायची पद्धत वहीत लिहून घेतली. शेवटचे दोन प्रश्न. पंपाचा जुना चार्जर चालेल का? आणि बॅटरीचा कप्पा टाकीच्या खाली आहे, औषध झिरपतं, तर पॅक एम-सीलने बंद करू का?

वर्कशॉप_ताई:
जुना चार्जर नको. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर मध्येच व्होल्टेज बरंच वर नेतात, मग सगळी भिस्त बीएमएसवर राहते. १४.६ व्होल्टचा फॉस्फेटसाठीचा चार्जर घ्या, २-३ अँपिअरचा पुरे.

एम-सील अजिबात नको, झडपेचं तोंड बंद होईल. पॅकला मोठी पीव्हीसी स्लीव्ह घालून गरम हवेने आवळा, तोंडाशी न्यूट्रल सिलिकॉनची कड फिरवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, ते निकेल आणि तांबं खातं. कप्प्याच्या तळाला निचऱ्याचं भोक ठेवा आणि पॅक फोमच्या पट्टीवर थोडा उचलून बसवा.

सर्किटवाला:
फ्यूज राहिला. पॅकच्या प्लसपासून बोटभर अंतरावर गाडीचा ब्लेड फ्यूज, १० अँपिअर, लाल रंगाचा. होल्डरसकट कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. फ्यूज पॅकच्या जवळच हवा, स्विचपाशी नको. वायर मधे कुठे घासली तरी तो आधी उडाला पाहिजे. पहिलं चार्जिंग अंगणात मोकळ्या जागी करा आणि तोवर जोड्यांचे व्होल्ट अधूनमधून मोजत राहा. आकडे इथे टाका, बघून सांगतो.