असाइनमेंटमध्ये 'झालं' चालतं की 'झाले'च हवं?

नाशिकरोडहून लिहितेय, एस. वाय. बी. ए., इतिहास. काळाराम मंदिर सत्याग्रहावरची माझी दहा पानी असाइनमेंट काल परत आली. पहिल्याच ओळीत 'आंदोलन २ मार्च १९३० रोजी सुरू झालं' मधल्या 'लं'वरच्या टिंबाभोवती लाल गोल. पुढे 'मला वाटतं' खोडलंय, आणि समासात तीनदा नुसतं 'संदर्भ?'. तीन आठवडे वाचनालयात बसून हाताने टिपणं काढली होती, म्हणून फार लागलं. सोमवारी पुन्हा द्यायचीय. टिंबावरून गुण कापतात का?

उत्तर (निवृत्त शिक्षक, पंचवटी): बाळा, संवादात, कथेत 'झालं' शोभतं. औपचारिक लेखनात 'झाले', 'केले' असंच लिही. पण टिंबाचं काम अर्ध्या तासाचं. खरी गोची संदर्भांची आहे. सत्याग्रहींच्या संख्येचा आकडा कुठून घेतलास? लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान, पाचही हवेत.

प्रश्नकर्ती: सर, पुस्तकांची नावं आहेत वहीत. पान क्रमांक एकाचाही नाही.

उत्तर (एम. ए., गंगापूर रोड): माझंही अगदी हेच झालं होतं. उद्या सकाळीच वाचनालय गाठ, तीच पुस्तकं पुन्हा काढ. आणि 'मला वाटतं' नुसतं खोडू नकोस गं! तुझं मत राहू दे, फक्त त्याच्या आधी पुरावा मांड.

प्रश्नकर्ती: निघालेच. वही घेतलीय.