प्रति: लाट नाकावर घ्यावी का?

होडीनं लाट अगदी समोरून, म्हणजे नाकावर, न घेता थोडी तिरकी, इंजिन हळू ठेवून घ्यावी, हे मूळ पोस्टमध्ये म्हटलंय ते बरोबरच. पण बंदराच्या तोंडाशी लाटा उसळतात त्याचा सगळा दोष तिथं वाऱ्यावर टाकलाय, ते अर्धंच खरं. बंदराच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि वारा समुद्रावरून आत येत असतो, तेव्हा तेवढ्याच वाऱ्यात लाट आखूड आणि उभी होते. भरती लागेपर्यंत थांबलं तर तेच तोंड पुष्कळ निवळतं.

आम्ही खान्देशातले, समुद्र कधीतरी सहलीला पाहणारे. पण हाच प्रकार चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर पाहिलाय. तापी पश्चिमेला वाहते, पावसाळी वाराही पश्चिमेकडूनच येतो. संगमाच्या खालच्या अंगाला असलेल्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याला ओढ लागते, आणि वाऱ्यासमोर संगमावर लाटा उभ्या राहतात. तिथंच एकदा एका भोई काकांच्या होडीत होतो. तळाशी जेमतेम घोटाभर पाणी. मी काठ धरून उभा राहायला गेलो तर ते ओरडले, "बस खाली! आधी पानी उपस रे भो!" मला वाटलं, एवढ्याशा पाण्यानं काय होतंय? पण होडी कलली की तेच पाणी धावत कलत्या बाजूला जातं आणि तिला आणखी कलवतं. जाळं आणि मासळीचे क्रेटही त्यांनी बांधूनच ठेवले होते, तेही यासाठीच. पाणी उपसायचा डबा मात्र हाताशी मोकळा.