मदत हवी आहे : साध्या शिपायांची शौर्यगाथा सांगणारी पुस्तके सुचवावीत

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी पेडण्याचा रहिवासी. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेल्या सेवापुस्तिकेची पाने ओलीने एकमेकांना चिकटली असून ‘इटली, १९४४’ एवढीच नोंद नीट लागते. घरात त्यांनी युद्धाविषयी कधी अवाक्षर काढले नाही.

त्याच आघाडीवर १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतले सारे सोबती पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेतली आणि गोळ्या संपताच बंदुकीच्या दस्त्याने लढत शेवटी ते धारातीर्थी पडले. पुढच्या एप्रिलमध्ये सेनियो नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना भर गोळीबारातून सुखरूप आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. मला मात्र सन्मानपत्राच्या पलीकडचे वाचायचे आहे : खंदकातली थंडी, गावाकडून उशिरा येणारी पत्रे, आणि हल्ल्याच्या आदल्या रात्री हे तरुण एकमेकांशी काय बोलत असतील ते.

सेनापतींच्या डावपेचांवरची पुस्तके मी पुष्कळ वाचली. त्यांत शिपाई केवळ आकड्यांत भेटतो. तरी अस्सल कागदपत्रांवर आधारलेली, पण कथेसारखी वाचता येणारी पुस्तके कृपया सुचवावीत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वीरमरण आलेल्या सात नौसैनिकांविषयी काही असल्यास तेही अवश्य कळवावे. मराठीला प्राधान्य, पण इंग्रजीही चालेल. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा बेळगावात कोणते मिळेल हेही सांगितल्यास फार उपकार होतील.